तापीकाठची पिवळी दरड आणि ‘विदारण’ हा शब्द

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

काही दिवसांपूर्वी आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर तापीकाठची दरड कोसळल्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि त्याखाली ‘ऊन-पावसाने खडकाचे विदारण होऊन नदीकाठचा कडा ढासळला’ अशी ओळ होती. छायाचित्र फार चांगले होते. पिवळसर मातीचे, वाळूचे आणि गोट्यांचे एकावर एक बसलेले थर त्यात इतके स्पष्ट आले आहेत की मी ते कात्रण काढून ठेवले आहे. ओळीबद्दल मात्र लिहिणे भाग आहे. जो ढासळला तो खडक नव्हता, नदीने आणून टाकलेला गाळ होता. आणि पुराच्या पाण्याने पाया खालून पोखरल्यामुळे वरचा भार तोलेना, म्हणून तो ढासळला. त्या गाळातल्या कणाकणाचे विदारण झाले आहे यात शंका नाही, पण ते हजारो वर्षांपूर्वी, सातपुड्याच्या उतारांवर, अजिंठ्याच्या डोंगरात आणि गिरणेच्या उगमाकडे सह्याद्रीत झाले आहे. चूक एका शब्दाची आहे, परंतु त्या शब्दात जागा आणि काळ दोन्ही चुकले आहेत. वर्षानुवर्षे भूगोल शिकवताना परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हाच गोंधळ मी पाहत आलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विदारण म्हणजे खडक जागच्या जागी तडकणे, कुजणे, सुटा होणे. सुटे झालेले तेथून उचलून नेणे हे वहन, आणि पुढे कुठेतरी ते टाकून देणे हे संचयन. ओल लागून भिंतीचा गिलावा फुगतो आणि सुटतो ते विदारण. तो झाडून सुपलीत भरून उकिरड्यावर नेऊन टाकतो ती पुढची दोन कामे. घरात ही कामे वेगवेगळी आहेत हे आपल्याला सहज कळते, नदीच्या बाबतीत मात्र आपण सगळ्याला मिळून ‘झीज’ म्हणून मोकळे होतो.

खान्देशचा मूळ खडक बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पुन्हा पुन्हा बाहेर पडलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला आणि आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भूभागावर तो पसरलेला आहे. हा खडक कसा कुजतो हे पाहायचे असेल तर चाळीसगावहून कन्नडकडे जाणाऱ्या घाटात, रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तेथे थांबावे. कापलेल्या भिंतीत तोफेच्या गोळ्यांसारखे गोल दगड बसलेले दिसतात आणि त्यांच्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे सुटत असतात. हे गोळे पाण्याने वाहत आणून गुळगुळीत केलेले नाहीत, जागेवरच गोल झालेले आहेत. लाव्हा थंड होताना आकसला, त्यात उभ्या-आडव्या चिरा पडल्या आणि खडकाचे चौकोनी ठोकळे झाले. पावसाचे पाणी या चिरांतून उतरले. ठोकळ्याच्या सपाट बाजूला पाणी एकाच दिशेने भिडते, कडेला दोन दिशांनी आणि कोपऱ्याला तीन दिशांनी. म्हणून कोपरे आधी कुजतात, मग कडा, आणि आत उरतो तो गोळा. गोळ्यांच्या मधला भुसभुशीत, तपकिरी माल म्हणजेच आपण रस्त्यावर पसरतो तो मुरूम. मुरूम हे विदारणाचे आपल्याकडचे सर्वांत परिचित रूप आहे आणि तरीही उत्तरपत्रिकेत विदारणाचे उदाहरण म्हणून तो लिहिलेला मला क्वचितच सापडला. तेथे नेहमी वाळवंटच असते.

वाळवंटाचा विषय निघाला म्हणून सांगतो. दिवसा खडक तापून प्रसरण पावतो, रात्री आकुंचन पावतो आणि त्यामुळे फुटतो, हे वाक्य आपल्याकडे सर्वांना पाठ असते, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या वर जात असल्याने ते खान्देशला चपखल लागू पडते असेही वाटते. अमेरिकेतील भूवैज्ञानिक डेव्हिड ग्रिग्ज यांनी 1936 मध्ये या समजाची परीक्षा घेतली. ग्रॅनाइटचा तुकडा त्यांनी 89,400 वेळा तापवला आणि थंड केला, म्हणजे सुमारे 244 वर्षांच्या दिवस-रात्री त्या दगडाला भोगायला लावल्या. कोरड्या हवेत तसे करूनही दगडात फरक दिसेना. थंड करताना पाण्याचा फवारा मारला तेव्हा मात्र थोड्याच काळात तो खराब होऊ लागला. उन्हाने दगड तडकतच नाही असा याचा अर्थ घेऊ नये, प्रयोगशाळेतला लहानसा तुकडा आणि डोंगरातला अवाढव्य खडक यांत अंतर आहे, आणि नंतरच्या अभ्यासकांना उन्हाच्या दिशेने पडलेले तडे आढळलेही आहेत; परंतु पाण्यावाचून उन्हाचा जोर फार चालत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडे दगड कुजवण्याचे बहुतेक काम पावसाळ्याचे चार महिने करतात.

पावसाचे पाणी हवेतला आणि त्याहून अधिक मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते. बेसाल्टमध्ये मुख्यतः प्लेजिओक्लेज फेल्डस्पार, पायरॉक्सिन आणि कुठे कुठे ऑलिव्हिन ही खनिजे असतात. ही सगळी फार उच्च तापमानात घडलेली, त्यामुळे थंड, ओल्या हवेत त्यांचा निभाव लागत नाही. पाणी त्यांतले कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम विरघळवून नेते, लोह गंजून तांबूस-तपकिरी रंग देते आणि मागे चिकणमाती उरते. ग्रॅनाइट कुजला तर त्यातले क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचे खनिज, टिकून राहते आणि वाळू मिळते. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतेच, म्हणून त्याच्या पूर्ण विदारणाचा शेवट चिकणमातीत होतो. गिरणेच्या वाळूत चमकणारे पांढरे-पारदर्शक कण दिसतात ते बहुधा लाव्हाच्या पोकळ्यांत नंतर भरलेल्या गारगोटीचे असतात. बाकीची काळसर वाळू म्हणजे अजून पुरता न कुजलेला बेसाल्टच.

हाच दगड कोकणात वेगळ्या रीतीने संपतो. तेथे पाऊस इतका की कॅल्शियम तर जातेच, सिलिकासुद्धा धुऊन जाते आणि लोह-ॲल्युमिनियमचा जांभा उरतो. जळगाव जिल्ह्याचा पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या पाण्यात कॅल्शियम सुटते, पण सगळे समुद्रापर्यंत पोहोचत नाही. थोडे खाली झिरपून जमिनीतच थांबते, पाणी उडून जाते आणि चुन्याचे खडे मागे राहतात. शेतकरी त्यांना कंकर म्हणतात, आणि ज्या जमिनीत ते फार झाले ती चुनखडीची जमीन. अशा जमिनीत केळीला लोह मिळत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात, हे रावेर-यावलच्या बागायतदारांना सांगायला माझी गरज नाही. पूर्वी हाच कंकर भट्टीत भाजून बांधकामाचा चुना करीत. आपल्या काळ्या मातीला वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याही याच रासायनिक क्रियेचे फळ आहेत. येथे तयार होणारी चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते.

आता त्या छायाचित्रातल्या दरडीकडे येतो. डोंगरावर सुटा झालेला माल पावसाळी ओढ्यांनी खाली आणला. सातपुडा जेथे एकदम संपतो तेथे, यावल, रावेर, चोपडा तालुक्यांच्या उत्तर भागात, उतार अचानक कमी झाल्यामुळे ओढ्यांचा जोर तुटला आणि त्यांनी मोठाले धोंडे, गोटे, खडी तेथेच टाकून दिली. पायथ्याच्या या पट्ट्याला अभ्यासक बझाडा म्हणतात. तेथील दगड कोनाकोनांचे, लहान-मोठे एकत्र मिसळलेले असतात, कारण त्यांना निवडायला पाण्याला वेळच मिळालेला नसतो. तापीपर्यंत आलेला माल मात्र निवडलेला असतो. दोन मिलिमीटरहून मोठे गोटे पात्राच्या तळाशी लोळत येतात, वाळू उड्या घेत येते, आणि तिच्याहून बारीक पोयटा व चिकणमाती पाण्यात तरंगत येऊन पूर ओसरताना काठावर संथ पाण्यात बसते. म्हणून दरडीत गोट्यांचा थर दिसला की तेथे एकेकाळी नदीचे वाहते पात्र होते असे समजावे, आणि वर बारीक पिवळ्या मातीचा जाड थर दिसला की पात्र सरकले आणि तेथे पुराचे पाणी पसरू लागले, असे वाचावे. खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हा नियम डेन्मार्कच्या निकोलस स्टेनो यांनी 1669 मध्ये मांडला. धान्याच्या कणगीत आधी ओतलेले तळाशी असते हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो वेगळा समजवावा लागत नाही.

येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सातवीतल्या एका मुलाने तापीच्या घाटावरून एक ढेकूळ आणले. त्यात लहान-मोठे गुळगुळीत गोटे पांढरट मसाल्यात घट्ट बसलेले होते. ‘सर, हा कोणता खडक?’ असे त्याने विचारले. मी हातात घेऊन पाहिले आणि पुलाच्या कामातले तुटके काँक्रीट आहे असे सांगून ते खिडकीत ठेवून दिले. वर्ग हसला. पुढे दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात पाणी आटलेले असताना मी स्वतः काठाने चालत गेलो, तेव्हा तशाच गोट्यांचा, तशाच पांढरट मसाल्याने जखडलेला थर दरडीच्या पायथ्याशी दूरवर सलग गेलेला दिसला आणि त्याच्यावर पुरुषभर उंचीची, कुणीही न हलवलेली पिवळी माती होती. पुलाचे काँक्रीट त्या मातीखाली जाणार कसे? तो पांढरा मसाला म्हणजे डोंगरातून विरघळून आलेले आणि गोट्यांच्या फटींत साचलेले कॅल्शियम कार्बोनेट होते, म्हणजे शेतातला कंकरच. त्या मुलाने आणलेले ढेकूळ म्हणजे गोट्यांचा गाळाचा खडक होता, वयाने कोवळा. (आम्ल टाकून पाहिले असते तर कळले असते, असे एका सहकाऱ्याने नंतर सुचवले, पण जुन्या काँक्रीटवर टाकलेले आम्लही फसफसते. दगड जागेवर कसा बसला आहे हे पाहण्याला पर्याय नाही.) तो विद्यार्थी आता कुठे आहे मला माहीत नाही.

गाळाचा खडक होण्यासाठी दोन गोष्टी लागतात. वरच्या थरांच्या वजनाने कण एकमेकांवर दाबले जाऊन मधले पाणी निघून गेले पाहिजे आणि उरलेल्या फटींत चुना, सिलिका किंवा लोहाचा गंज असा काहीतरी जोडमसाला बसला पाहिजे. तापीच्या खोऱ्यात गाळ काही ठिकाणी शंभर मीटरहून अधिक जाड आहे, तरी चिकणमातीचा शेल नावाचा खडक व्हायला लागणारी खोली आणि लागणारा काळ तिला अजून मिळालेला नाही. गोट्यांचे आणि वाळूचे काम त्यामानाने लवकर होते, कारण त्यांच्यातल्या फटी मोकळ्या असतात आणि चुन्याचे पाणी त्यांतून सहज फिरते. म्हणून एकाच दरडीत बोटाने कोरता येणारी माती आणि हातोडीशिवाय न फुटणारा गोट्यांचा थर शेजारी शेजारी सापडतात.

‘महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा, गाळाचे खडक चंद्रपूर-गडचिरोलीकडे’ असे आपण शिकवतो आणि ते बरोबरच आहे. कोळसा देणारे प्राचीन थर विदर्भातच आहेत. सातपुडा ओलांडून नर्मदेच्या खोऱ्यात गेले तर धार जिल्ह्यातल्या बाग या गावाजवळ समुद्री शंख-शिंपल्यांचे चुनखडक आहेत, लाव्हा येण्यापूर्वी तेथवर समुद्र शिरला होता त्याच्या खुणा. त्या जुन्या अर्थाने खान्देशात दाखवण्यासारखे गाळाचे खडक जवळजवळ नाहीत. पण यावरून आमची मुले असा निष्कर्ष काढतात की गाळाचा खडक ही दूर कुठेतरी असणारी वस्तू आहे. ज्या शहाबादी फरशीवर बसून ती हे पाठ करतात ती फरशी कर्नाटकातल्या प्राचीन समुद्रतळाचा चुनखडक आहे. आणि त्याच घरातला पाटा-वरवंटा बेसाल्टचा. आपल्या डोंगरातून विरघळून गेलेले कॅल्शियम शेवटी जेथे पोहोचते तेथे शिंपल्यांतून आणि प्रवाळांतून असेच चुनखडक आजही घडत आहेत.

हा फरक निव्वळ शब्दांचा नाही, याचा पुरावा विहिरी देतात. पारोळा-धुळ्याकडे विहीर खोदताना आधी माती, मग मुरूम, मग फुटका दगड आणि खाली अखंड पाषाण लागतो. पाणी असते ते मुरमात आणि चिरांत, म्हणजे जेवढे विदारण खोल तेवढी विहीर बरी. ‘आठे काया दगड लागना’ (येथे काळा दगड लागला) असे खोदणारा म्हणाला की मालकाचा चेहरा उतरतो. तापीच्या उत्तरेला गोष्टच निराळी. तेथे बोअरमधून पिवळी माती, वाळू, गोटे, पुन्हा माती असा माल येत राहतो आणि पाणी गोट्यांच्या थरात असते. सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाड्यात पाणी मुरवावे अशी जी चर्चा अनेक वर्षे चालू आहे तिचा आधार हाच आहे की तेथील गोटे-खडीतून पाणी झपाट्याने खाली जाते. एकाच जिल्ह्यात नदीच्या दोन बाजूंना पाण्याचे दोन हिशेब आहेत, आणि विदारण कुठे झाले व संचयन कुठे झाले हे न पाहता एकाच पद्धतीचे खड्डे दोन्हीकडे खणले तर पैसा वाया जातो. तसा गेलेला मी आमच्या गावाजवळ पाहिला आहे. पावसाळ्यानंतर त्या खड्ड्यांतले पाणी महिनोन् महिने तसेच उघड्यावर उभे होते, कारण खाली चिकणमातीचा जाड थर होता.

गाळ आणखी एक काम करतो, तो जपून ठेवतो. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे येथे 1970 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ शां. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननात अश्मयुगीन हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि कोरीव रेषांचा तुकडा मिळाला. त्यांचे वय सुमारे 25,000 वर्षे मानले जाते. खान्देशात शहामृग होते हे कुणाला खरे वाटले असते? ते कळले, कारण त्या वस्तू गाळाच्या थरांत झाकल्या गेल्या आणि कोणत्या थरात काय होते याची उत्खननात काळजीपूर्वक नोंद झाली. बेसाल्टच्या उघड्या पठारावर त्या कधीच मातीमोल झाल्या असत्या.

हे थर आज दोन्हीकडून कमी होत आहेत. वरून येणारा नवा गाळ हतनूरसारख्या जलाशयांत अडतो आणि खाली उकाई धरणात, त्यामुळे समुद्राकडे जाणारा वाटा घटला आहे. जलाशयातला गाळ काढून शेतात टाकण्याची शासनाची योजना 2017 पासून आहे आणि ती चांगली आहे, डोंगराची माती शेवटी शेतालाच मिळते. दुसरीकडे काठावरच्या घळी यंत्राने सपाट करून शेते करण्याचा आणि दरडीच्या पायथ्याचा गोटा-वाळू उपसण्याचा सपाटा सुरू आहे. घळी बुजवणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही, त्याची जमीन दर पावसाळ्यात त्या घळींत जाते. परंतु प्रत्येक तालुक्यात निदान एक-दोन दरडी अशा असाव्यात की जेथे पात्राचे गोटे, चुन्याने जखडलेला थर आणि वरची पुराची माती एका नजरेत दिसतात, आणि तेवढा काठ ग्रामपंचायतीने उपशातून वगळावा. जळगावच्या विद्यापीठातील भूविज्ञानाच्या अभ्यासकांनी या जागा निवडून दिल्या तर शाळांचे काम सोपे होईल. मुलांची सहल अजिंठ्याला जाते आणि जायलाच हवी; परतीच्या वाटेवर, ज्या डोंगरात ती लेणी कोरली आहेत त्याचाच चुरा वाघूर नदीने कुठे नेऊन टाकला आहे, हे दाखवायला अर्धा तास पुरतो.

आपल्या वार्ताहरांना विनंती एवढीच की पुढच्या पावसाळ्यात असे छायाचित्र आले तर त्याखाली ‘पुराने गाळाची दरड कोसळली’ असे लिहावे. आणि ज्या शिक्षकांना ती दरड मुलांना दाखवायची असेल त्यांनी दिवाळीनंतर, पात्र उतरल्यावर, सकाळच्या तिरप्या उन्हात जावे. त्या वेळी थरांच्या रेषा उठून दिसतात. मुलांना मात्र पायथ्याशी उभे करू नये. समोरच्या वाळूवरून पाहावे आणि ढेकळे हवी असल्यास आधीच खाली पडलेली घ्यावीत.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
ता. चोपडा, जि. जळगाव